हेतूंची झडती

बालवाडीत शिकविण्यासाठी अर्ज करणाऱ्या उमेदवारास, मग ती जागा खेड्यातील अंगणवाडीची असो वा शहरातील एखाद्या संस्थेच्या शिशुवर्गाची, मुलाखतीत एक प्रश्न हटकून विचारला जातो: या क्षेत्रात आपणांस का यावेसे वाटले? अशा मुलाखतींस परीक्षक म्हणून बसण्याचा योग मला बऱ्याच वेळा आलेला असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर उमेदवाराच्या ओठांवर येण्यापूर्वीच मला ठाऊक असते. ‘मला लहान मुले फार आवडतात.’ उत्तर देणारी कधी नुकतीच पदवी घेतलेली असते, कधी दहा-बारा वर्षांच्या संसारानंतर प्रथमच उंबरठ्याबाहेर पडलेली असते, कधी नवऱ्याच्या कारखान्यास टाळे लागल्यामुळे निरुपायाने आलेली असते. परंतु या सर्वजणींचे उत्तर अक्षरशः एकच असते, कारण परीक्षकांना हेच ऐकावयाचे आहे अशी ताकीद प्रत्येकीला घरूनच मिळालेली असते. पाटबंधारे खात्यात रुजू होऊ इच्छिणाऱ्या अभियंत्यास धरणांविषयी वात्सल्य वाटते काय, असे आजवर कोणी पुसल्याचे ऐकिवात नाही.

ही झडती निरर्थक आहे एवढेच माझे म्हणणे असते, तर त्यासाठी वर्तमानपत्राचे रकाने अडविण्याचे कारण नव्हते. परंतु तिच्यात एक अन्याय दडलेला आहे, आणि तो आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की अन्याय करणाऱ्यास तो सद्भाव वाटतो आणि सोसणारीस तो सन्मान वाटतो. ज्या कामाची पात्रता प्रेम ही ठरते, त्या कामाचा मोबदलाही प्रेमातच पोहोचला असे समजून समाज आणि सरकार दोघेही अलगद मोकळे होतात; आणि जिने प्रांजळपणे ‘मला नोकरीची गरज आहे’ असे सांगितले असते, ती उमेदवारीतूनच बाद होते. शिक्षिका होण्यापूर्वी हेतू शुद्ध असावा लागतो ही समजूतच मला मुळात चुकीची वाटते. या क्षेत्रात ज्यांनी काही मोलाचे घडविले, त्यांचे आरंभीचे हेतू तपासून पाहिले तर त्यांत शुद्ध असे फारसे काही हाती लागत नाही.

ज्या घटनेपासून आधुनिक बालशिक्षणाची कालगणना करण्याचा प्रघात आहे, ती घटना म्हणजे ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या दरिद्री वस्तीत मारिया मॉन्टेसरी यांच्या देखरेखीखाली उघडलेले बालगृह. त्याचा उगम कोणाच्या वात्सल्याच्या उमाळ्यात नव्हता. तेथील मोडकळीस आलेल्या चाळी दुरुस्त करून भाड्याने देणाऱ्या एका गृहसंस्थेपुढे अगदी व्यवहारी अडचण उभी होती: आईबाप मजुरीस गेले की मागे राहिलेली, शाळेच्या वयाची न झालेली पोरे जिन्यांची नासधूस करीत आणि नव्याने रंगविलेल्या भिंती खराब करून टाकीत, तेव्हा त्यांना एका खोलीत सांभाळण्याची तजवीज केली तर डागडुजीचा खर्च वाचेल, असा चालकांचा हिशेब होता. स्वतः मॉन्टेसरीबाई डॉक्टर. मतिमंद मुलांवर केलेले आपले प्रयोग सर्वसाधारण मुलांच्या बाबतीत काय फळ देतात हे पाहण्याची त्यांना उत्सुकता होती. आणि मुलांपाशी प्रत्यक्ष बसण्यासाठी नेमलेल्या स्त्रीने अध्यापनाचे कसलेही रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. घरमालकाची काटकसर, शास्त्रज्ञाचे कुतूहल आणि एका साध्या बाईची नोकरी, या तिहींच्या संयोगातून जे निर्माण झाले, त्याचे नाव आज आपल्या तालुक्याच्या गावातल्या फलकांवरदेखील वाचावयास मिळते.

आपल्याकडील इतिहासही याहून फारसा निराळा नाही. गिजुभाई बधेका हे पेशाने वकील. सौराष्ट्रात त्यांची वकिली बरी चाललेली होती. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला, आणि छडीच्या धाकाने पाठांतर करवून घेणाऱ्या त्या काळच्या शाळेत आपल्याही मुलास धाडावयाचे काय, या सर्वस्वी खाजगी प्रश्नाने त्यांच्या मनात ठाण मांडले. त्या एका बापाच्या काळजीने त्यांना मॉन्टेसरीबाईंच्या ग्रंथांपर्यंत नेले, १९१६ मध्ये वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आणले, आणि १९२० मध्ये तेथे बालमंदिर उघडावयास लावले. साक्षीपुराव्यावाचून कशावरही विश्वास ठेवू नये ही वकिलाची सवय त्यांनी मुलांच्या निरीक्षणास लावली, हे त्यांचे खरे वैशिष्ट्य होते असे मला वाटते. परंतु लोकांनी त्यांचे कौतुक केले ते ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, असे म्हणून. पुरुषास आई केल्याशिवाय त्याच्या या कामाचा अर्थ लोकांना लागेना. आज शतक उलटून गेले तरी शिशुवर्गात पुरुष शिक्षक शोधावा लागतो.

ताराबाई मोडकांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. १८९२ मध्ये प्रार्थनासमाजी घरात जन्मलेली, १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविलेली ही बुद्धिमान स्त्री. तिचा अमरावतीच्या एका वकिलाशी झालेला विवाह १९२१ मध्ये घटस्फोटाने संपला. ज्या काळी हा शब्द सभ्य घरात उच्चारलाही जात नसे, त्या काळी पदरी लहान मुलगी घेऊन तिने राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्रमुखपद पत्करले आणि १९२३ मध्ये तेही सोडून ती गिजुभाईंच्या सहकार्यास भावनगरी गेली. या निर्णयात उपजीविकेचा विचार नव्हता, मुलीच्या शिक्षणाचा विचार नव्हता, आपल्या माणसांच्या कुजबुजीपासून दूर स्वतःच्या कर्तृत्वावर मानाने उभे राहता येईल अशा जागेचा विचार नव्हता, असे कोणी म्हणेल तर ते मला पटणार नाही; आणि तो विचार होता असे म्हटल्याने १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाचे किंवा १९३६ मध्ये दादरला सुरू झालेल्या शिशुविहाराचे मोल तिळमात्रही उणे होत नाही. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांचा जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळच्या बालविधवेस माहेरच्या स्वयंपाकघराबाहेर जे मोजके मार्ग मोकळे होते त्यांत शिक्षिकेचा पेशा हा एक, म्हणून त्या शिक्षिका झाल्या आणि पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी बरीच वर्षे शिकविले. तोवर तीन-चार वर्षांच्या मुलांशी त्यांचा व्यावसायिक संबंध नव्हता. १९४५ मध्ये कस्तुरबा स्मारक निधीच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि त्या बोर्डीस गेल्या.

बोर्डी, आणि तेथून पुढे कोसबाडची टेकडी, हा तेव्हाच्या ठाणे व आजच्या पालघर जिल्ह्यातील प्रदेश. तेथे जे घडले ते माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असल्यामुळे तेथे थोडे रेंगाळतो. दादरच्या मध्यमवर्गीय मुलांसाठी सिद्ध केलेली पद्धती घेऊन या दोघी गेल्या, आणि वारली पाड्यांवरील मुले शाळेत येतच नाहीत असे त्यांना दिसून आले. त्यांना कोणी अडविले नव्हते. परंतु मोठ्या भावंडाच्या कडेवर धाकटे भावंड असे, त्याहून मोठा गुरांमागे गेलेला असे, आणि आईबाप उजाडताच रानात किंवा वाडीवर मजुरीस गेलेले असत. तेव्हा बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेण्यात आली, आणि पुढे सरकारी योजनेने घराघरांत पोहोचविलेल्या अंगणवाडीच्या कल्पनेचे मूळ या खटपटीत आहे. कडेवरच्या भावंडासाठी पाळणाघर काढले, म्हणजे मोठी बहीण मोकळी झाली. गुराख्यांसाठी गुरे जेथे चरत तेथेच कुरणशाळा भरविली. मुलांना आधी न्हाऊ घालावे लागे, केसांतील उवा काढाव्या लागत. मॉन्टेसरीची पॉलिश केलेली लाकडी साधने परवडणारी नव्हती आणि त्या मुलांच्या ओळखीचीही नव्हती. त्यांच्या जागी बिया, शिंपले, खडे, पाने आणि काड्या आल्या, आणि मोजणे, लावणे, जुळविणे हे सारे त्यांवरच होऊ लागले.

यातली कोणती गोष्ट वात्सल्यातून सुचली असती? प्रेमाने मूल जवळ घेता येते, पण ते शाळेत का येत नाही याचा उलगडा प्रेमाने होत नाही. त्यासाठी सकाळी पाड्यावर जाऊन कोणाच्या कडेवर कोण आहे हे नुसते पाहत बसावे लागते, पाहिलेले लिहून ठेवावे लागते, आणि ते आपल्या आवडत्या पद्धतीच्या विरुद्ध जात असेल तर पद्धतीस रजा द्यावी लागते. अनुताई बोर्डीस गेल्या तेव्हा यांतले काही त्यांच्या मनात असणे शक्यच नव्हते. १९९२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांस तेथे धरून ठेवणारी जी ओढ होती, ती त्या घरून घेऊन आलेल्या नव्हत्या; ती कामाने त्यांच्या ठायी निर्माण केली.

एखाद्या चांगल्या बालवाडीत जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊन बसावे, म्हणजे ही ओढ कशी लागते याची कल्पना येते. दारात आईचा पदर घट्ट धरून आक्रोश करणारी मुले, त्यांचे पाहून रडू लागणारी मुले, आणि एका कोपऱ्यात न रडता, न बोलता उभे असलेले एक मूल. नवखी शिक्षिका रडणाऱ्यांकडे धावते. अनुभवी शिक्षिकेचे लक्ष त्या न रडणाऱ्याकडे असते. ती त्यास काही विचारीत नाही, हात धरीत नाही, केवळ त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात पाण्याची परात आणि दोन वाट्या ठेवते आणि दुसरीकडे वळते. चौथ्या-पाचव्या दिवशी ते मूल परातीशी येते, एका वाटीतले पाणी दुसरीत ओतते, पुन्हा पहिलीत ओतते, आणि असे अर्धा तास करीत राहते; त्या अर्ध्या तासात कौतुकाचा एक शब्दही न बोलणे हे या पेशातले एक अवघड कौशल्य आहे. ‘मला मुले आवडतात’ असे म्हणणाऱ्या उमेदवारास नेमके हेच जमत नाही, असे मी पुष्कळदा पाहिले आहे, कारण तिच्या आवडीस मुलाकडून प्रतिसाद हवा असतो. जिला तो प्रतिसाद नको, परंतु हे मूल आता काय करील हे पाहिल्यावाचून चैन पडत नाही, ती या कामात टिकते. ही जिज्ञासा मुलाखतीच्या खोलीत उत्पन्न होत नाही. मुले समोर असावी लागतात, आणि त्यांच्याकडे पाहावयास सवड असावी लागते.

सवडीचा विषय निघाला की सरकारी अंगणवाडीकडे वळणे प्राप्त आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने सेविकेकडे सोपविलेल्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि मातांचे आरोग्यशिक्षण या बाकीच्या पाच. या पाचांचे महत्त्व मी नाकारीत नाही. कुपोषित मुलास बडबडगीते शिकवून भागत नाही. परंतु त्या पाचांचे आकडे वर पाठवावे लागतात, आणि सहाव्याचा आकडाच होत नाही. म्हणून वजनाची नोंद, आहारवाटपाची नोंद, गृहभेटीची नोंद, रजिस्टरात आणि पुन्हा मोबाइलवरच्या ‘पोषण ट्रॅकर’मध्ये अशी दप्तराची सारी कलमे उरकेपर्यंत मुलांची घरी जाण्याची वेळ झालेली असते. त्यांत मतदारयाद्यांचे किंवा सर्वेक्षणाचे काम निघाले की फर्मान पुन्हा हिच्याच नावे सुटते.

सेविका या कामात का येते हे तिच्या गावी सर्वांस ठाऊक असते. गावातच नोकरी, सासरची परवानगी मिळण्याजोगी. बारावीपर्यंतच्या शिक्षणाचे काही चीज होईल अशी दुसरी जागा आसपास नाही. आणि आज ना उद्या सरकार आपणांस कायम करील ही आशा. हे हेतू कोणत्या अर्थाने हीन आहेत? जिल्हाधिकारी कचेरीतील लिपिकाचे हेतू याहून उदात्त असतात असा काही पुरावा नाही, आणि त्याच्या वेतनश्रेणीचा प्रश्न निघाला असता त्याच्या त्यागबुद्धीची चर्चा होत नाही. येथे मात्र योजनेच्या जन्मापासूनच सेविका ही समाजाची स्वयंसेविका ठरविली गेली आणि तिला जे मिळते त्यास मानधन म्हणण्यात आले. त्यातला केंद्राचा वाटा २०१८ च्या ऑक्टोबरापासून दरमहा ४५०० रुपये ठरला, राज्य त्यात आपली भर घालते. हे काम अर्धवेळ आणि ऐच्छिक आहे हा सरकारपक्षाचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ च्या निकालात मान्य केला नाही. गुजरातमधील सेविकांच्या त्या प्रकरणात न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांनी १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा सेविका व मदतनीस यांस लागू होतो असा निर्वाळा दिला. तरीही ४ डिसेंबर २०२३ रोजी महाराष्ट्रातील सेविकांना वेतनश्रेणी, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतन यांसाठी संपावर जावे लागले आणि तो संप सुमारे पन्नास दिवस चालला. त्या दिवसांत ‘मुलांचे हाल करून संप करणे यांना शोभते काय’ असे जे उद्गार ठिकठिकाणी ऐकू आले, ते काढणाऱ्यांत सज्जन माणसे पुष्कळ होती. बँकेच्या संपात खातेदारांचे हाल होतात तेव्हा शोभेचा प्रश्न निघत नाही.

शहरातील खाजगी शिशुवर्गांविषयी थोडक्यातच लिहितो. तेथे पालकांकडून घेतली जाणारी फी आणि शिक्षिकेच्या हाती पडणारी रक्कम यांतील अंतर हा उघड्यावरचा प्रकार आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने हक्क दिला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना, त्याखालील मुलांसाठी शासन व्यवस्था करू शकेल एवढेच त्याचे अकरावे कलम म्हणते, आणि या ‘शकेल’च्या आडोशाने हा सारा व्यापार सुखाने चालतो. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या वहीत ‘ए’ पासून ‘झेड’ पर्यंत अक्षरे पाहिल्याखेरीज पालकांचे समाधान होत नाही, आणि ती गिरवून घेणाऱ्या शिक्षिकेस मुलाकडे पाहण्याचे कारणच उरत नाही.

यावर एक आक्षेप मला अपेक्षित आहे, आणि तो क्षुल्लक नाही. हेतू पाहावयाचा नाही असे ठरविले तर मुलांवर खेकसणारी, चिमटे काढणारी माणसेही आत येतील, त्यांचे काय? येतील हे खरे. पण ती आजही येतात, आणि ‘मला मुले फार आवडतात’ असे म्हणूनच येतात. स्वभाव पारखावयाचा असेल तर उमेदवारास आठवडाभर एखाद्या चालू बालवाडीत बसवावे, कोणत्याही एका मुलाकडे लक्ष ठेवावयास सांगावे आणि आठवड्याच्या अखेरीस त्याविषयी दोन पाने लिहावयास द्यावीत. जी ‘फार गोड मूल आहे’ एवढेच लिहील तिच्याविषयी मला शंका वाटेल. जी लिहील की हा मुलगा डब्यातली पोळी कडेने गोल गोल कुरतडतो, घंटा झाल्यावर चपला घालण्यास त्याला फार वेळ लागतो आणि तेवढा वेळ दिला तर तो रडत नाही, तिला मी डोळे मिटून नेमीन, मग तिने अर्जात गरजेचे कारण लिहिलेले का असेना.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा या वयोगटास शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात प्रथमच अधिकृत स्थान दिले, हे त्याचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी वर्षाचा जो अभ्यासक्रम त्यात सुचविला आहे, तो दूरचित्रवाणी आणि मोबाइल यांच्याद्वारे, चालू कामात खंड न पाडता, व्हावा अशी कल्पना आहे. ज्या कामाचा गाभाच निरीक्षण, ते पडद्यावर शिकविण्याची ही तजवीज मला केवळ खर्चात काटकसर करणारी वाटते. याउलट एक अगदी लहान गोष्ट करून पाहता येईल: मुले घरी गेल्यानंतरचा एक तास हा कामाचाच तास धरून, त्याचा वेगळा मेहनताना देऊन, त्यात रजिस्टर न भरता आज पाहिलेल्या मुलांविषयी लिहावे आणि आठवड्यातून एकदा शेजारच्या चार-पाच अंगणवाड्यांच्या सेविकांनी एकत्र बसून ते एकमेकींस वाचून दाखवावे, पर्यवेक्षिकेने त्यावर शेरा मारू नये. एका बालविकास प्रकल्पापुरते हे करावयास नवा कायदा लागत नाही. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीचा ठराव आणि आयुक्तालयाची मंजुरी पुरेशी आहे. नोंदींची काही कलमे त्या प्रकल्पापुरती स्थगित ठेवावी लागतील, आणि खरा विरोध होईल तो तेथेच, कारण मंत्रालयातील तक्त्याचा एक रकाना रिकामा राहणे हे आपल्या शासनव्यवस्थेस सहन होत नाही. दोन वर्षांनंतर त्या प्रकल्पातील सेविकांस, हवे तर, या क्षेत्रात का आलात असे पुन्हा विचारावे. तोवर त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही साठलेले असेल, आणि ते लिहून घेण्यास परीक्षकांना एकच ओळ पुरणार नाही.